सुपरचार्जर आणि आबांचा फेटा

पट्ट्यावरची जाळी मी काढायला लावली. मेव्हण्याने नाही, मिस्त्रीने नाही आणि सासऱ्यांनी तर नाहीच. हे वाक्य एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक माणसांसमोर म्हणायला मला दोन वर्षं लागली. इथे ते सुरुवातीलाच म्हणून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना ते अंगाला चिकटून राहणार नाही.

मी तंत्रनिकेतनात इंजिनांचा विषय शिकवतो. आमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर एक पाटी आहे : ‘फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे घालून जाऊ नये. पट्ट्यावरची जाळी काढू नये.’ पाटीवरचं अक्षर माझं आहे. दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांकडून मी ती दोनदा मोठ्याने वाचून घेतो.

मी वाढलो पेठेत. माझं सासर वाघोलीच्या जरा अलीकडे, नगर रस्त्यापासून आत. बायको आमच्याच तंत्रनिकेतनाच्या कार्यालयात होती, लग्न आमचं आम्ही ठरवलं. माझ्या घरचे ऐकून ‘बरं’ म्हणाले. पेठेत हा आनंदाचा कळस समजतात. तिच्या घरच्यांनी मात्र मला डोक्यावर घेतलं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. शिकलेला जावई मिळाला हे त्यांनी दूध घालायला येणाऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना सांगितलं. जावई म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आमच्याकडे जावयाला चहा विचारतात. तिथे जावयाला नाही म्हणत नाहीत. पुढचं सगळं या एका रीतीमुळे घडलं.

त्या गावात चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते. देवाचा रथ वेशीपासून देवळापर्यंत ओढत नेतात, आणि तो ओढायचा मान मामांच्या घराचा. शेवटी देवळापुढे एक चढ लागतो. पायथ्यापासून देवळापर्यंत रथ न थांबता गेला नाही, तर ओढणाऱ्याचा मान गेला. मग भावकीतल्या दुसऱ्या घराने दोर लावायचा आणि पुढच्या वर्षीपासून त्यांनीच ओढायचा, असा नियम. मामांच्या तीन पिढ्यांत रथ कधी थांबला नव्हता. मामा फार बोलणारे नाहीत, पण ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

पूर्वी रथ त्यांचे बैल ओढत. नंतर जमिनींवर सोसायट्या झाल्या आणि बैल बांधायला जागा उरली नाही. तेव्हा गावाने बैठक बसवून ठरवलं, की मामांची पिकअप हीच यापुढे बैलजोडी समजावी. बैलांचं जे जे करत, ते ते पिकअपचं करायचं. टपावर झूल, आरशांना गोंडे. चढाच्या पायथ्याशी बैलांच्या कपाळाला कुंकू लावायचा मान त्या दुसऱ्या घराचा, म्हणजे मामांचे थोरले चुलतभाऊ आबा यांचा. ते आता बॉनेटला कुंकू लावू लागले. पहिल्या वर्षी एक टिळा लावला, तर कोणीतरी हरकत घेतली की बैल दोन होते. तेव्हापासून शेजारी शेजारी दोन टिळे लावतात.

एरवी ती पिकअप मेव्हण्याच्या हाताखाली असे. नगर रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या ओढून गॅरेजला पोचवणं हा त्याचा धंदा. गाडी जुनी, पण इमानी. अडचण रथाची होती. रथ दरवर्षी जड होत होता. एका बिल्डरने पितळी कळस दिला. दुसऱ्याने, आपला कळस राहिला म्हणून, इमारतीतून उरलेला ग्रॅनाइट रथाच्या तळाला बसवून दिला. मग दोन सिंह आले. जावयाप्रमाणे देवालाही तिथे नाही म्हणत नाहीत.

त्या वर्षी चढावर क्लचचा वास सुटला. शेवटचे वीस-पंचवीस हात लोकांनी खांदे लावले म्हणून रथ थांबला नाही एवढंच. वर पोचल्यावर आबा म्हणाले, “गाडीनं रथ वढला, का रथानं गाडी धरून ठिवली, तेवढं सांगा.”

आबांचा नवा ट्रॅक्टर बाजूच्या बोळात उभा होता. त्याच्यावर झूल आधीच घातलेली होती.

“ऊन लागतंय म्हणून घातली,” आबा म्हणाले.

त्याच वर्षी अधिक महिना आला आणि मला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अधिक महिन्यात जावई हा विष्णूच्या जागी. सासू-सासरे परातीत त्याचे पाय धुतात, तेहतीस अनारसे वाण म्हणून देतात, पुरणाचे धोंडे वाढतात. पहिल्या खेपेला मला या सगळ्याची फार लाज वाटली होती. दुसऱ्या खेपेला कमी वाटली. ही तिसरी होती, आणि कबूल करतो, परात जरा आणखी उजवीकडे सरकवा असं मी स्वतःहून सांगितलं.

जेवताना मामा म्हणाले, “जावईबापू, काय मनात आसंल ते बोला. ह्या महिन्यात न्हाई म्हणायचं नसतं.”

त्यांच्या मनात अंगठी असावी. मी म्हणालो, “मला काही नको, मामा. त्या गाडीला मात्र सुपरचार्जर हवा.”

मला हे सहज म्हणून सोडून देता आलं असतं. पण मामांनी विचारलं, “त्यो काय आसतो?” आणि मला कोणी प्रश्न विचारला की मी वर्गात असतो. मी त्यांना सांगितलं, की इंजिन म्हणजे चढ चढणारा माणूस, त्याला श्वास पुरत नाही. आपण त्याच्या नाकाला लोहाराचा भाता लावायचा, म्हणजे तो धापा न टाकता चढेल. बाहेरून हवा दाबून भरायची, जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल, जास्त डिझेल म्हणजे जास्त ताकद. हा धडा मी वीस वर्षं शिकवत होतो. सुपरचार्जर मात्र मी चित्राबाहेर कधी पाहिला नव्हता. हे मी सांगितलं नाही.

मेव्हणा समोर बसला होता. तो म्हणाला, “दाजी, रथ मानसाच्या चालीनं चालतो. म्होरं सनईवाला आसतो. त्येच्या म्होरं तर जाता यायचं न्हाई. मग ह्या ताकदीचं करायचं काय? क्लच नवा टाकू आन् ग्रॅनाइट उतरवू.”

सगळ्या प्रकरणात एवढंच शहाणपणाचं बोलणं झालं. मी त्यावर पंधरा मिनिटं उत्तर दिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, धोंडे गार होतायत.” मी ते कौतुक समजलो.

आठ दिवसांनी मामांचा फोन आला. “जावईबापू, घावला.”

मामांच्याच जुन्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत सांडपाण्याची टाकी आहे. त्या पाण्यात हवा सोडायला एक ब्लोअर असतो. सोसायटीने नवा बसवला आणि जुना काढून ठेवला. जेवताना मी अनारशाच्या ताटात बोटाने जी आकृती काढली होती, ती लक्षात ठेवून मामा चार सोसायट्यांमध्ये फिरले होते. हे ऐकून मी खरं तर जागच्या जागी नको म्हणायला हवं होतं. पण मी जाऊन पाहिलं, तर बिडाच्या त्या पेटीत दोन पाकळ्या एकमेकींना न शिवता फिरत होत्या, थेट पुस्तकातल्या आकृतीसारख्या. वीस वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र पहिल्यांदाच माझ्या हाताला लागलं. माझे डोळे भरून आले. चार माणसांना उचलावं लागेल इतकं ते जड होतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

सासूबाईंनी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. मी समजावलं, “मामी, यातून सांडपाणी जात नाही. फक्त हवा जाते.”

“व्हय,” त्या म्हणाल्या, “पण जाते कुठं?”

नगर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने ते काम केलं. पोटापुरतं शिकलेला, हातात सोनं असलेला माणूस. त्याने बॉनेटला पाटाएवढं भोक पाडलं, लोखंडी अँगलवर ब्लोअर बसवला, इंजिनाच्या पुलीवरून त्याला पट्टा दिला, डिझेलचा पंप वाढवून दिला. ब्लोअर आणि पट्टा दोन्ही बॉनेटच्या वर वीतभर येत होते. काम झाल्यावर त्याने एकच वाक्य उच्चारलं, “सर, गाडी रथ ओढनार का ह्याला वाहून नेनार?” आणि कोणी न सांगता पट्ट्यावर तारेची एक जाळी करून बसवली.

जाळी सुबक होती. पण ती लावली की आतलं काही दिसेना. जत्रेत लोक येणार, गाडीपुढे उभे राहणार, आणि त्यांना दिसणार काय, तर कोंबड्यांच्या खुराड्यासारखी एक तारेची पेटी. हे माझं खरं कारण होतं. मी मिस्त्रीला सांगितलं की जाळीमुळे पट्टा तापेल.

तो म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले. पन मी दहा बोटं घेऊन घरी जातो रोज.”

मामा तिथेच होते. म्हणाले, “जावईबापू म्हनतात तर काढ.”

त्याने काढली. माझ्याकडे न बघता काढली.

चाचणी मात्र अशी झाली की आजही आठवलं की छाती फुगते, आणि लगेच लाज वाटते. सोसायटीच्या पाण्याच्या भरलेल्या टँकरला साखळी लावली. मेव्हण्याने गाडी पहिल्यात टाकली. ब्लोअरने सूर धरला. तो सूर कुकरची शिट्टी आणि कोणाचं तरी मोठ्याने रडणं यांच्या मधला होता. मागून काळा धूर निघाला आणि टँकर चढावर असा निघाला की त्याचा ड्रायव्हर पाय ब्रेकवर ठेवून देवाचं नाव घेऊ लागला. त्या आवाजाने वाघोलीपर्यंतची कुत्री जमली. ती भुंकत नव्हती. ओळीने बसून, माना वर करून रडत होती. मामांनी टँकरच्या आरशावरचा हार काढून माझ्या गळ्यात घातला.

“आता थांबत न्हाई रथ,” ते म्हणाले. देवळाकडे वळून त्यांनी हात जोडले. तो मान त्यांच्यासाठी काय होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या चैत्रात जत्रेच्या दिवशी दुपारी तीनला रथ वेशीतून निघाला. मेव्हणा गाडी चालवायला, शेजारी मी, मांडीवर हवेच्या दाबाच्या हिशेबांची फाइल. झूल, गोंडे, टपावर नारळाच्या झावळ्या. ब्लोअरला झेंडूची माळ घालायला कोणीतरी आलं होतं, तेवढी मी घालू दिली नाही. त्या वेळी मला माझ्या सावधपणाचा अभिमान वाटला. इंजिन सुरू व्हायला अर्धा तास लागला होता, कारण त्या ब्लोअरला फिरवता फिरवता बॅटरीचा जीव जात होता. म्हणून मी मेव्हण्याला बजावून ठेवलं होतं, की काही झालं तरी गाडी बंद करायची नाही.

सनईवाल्याने दोनदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने सनई खाली घेतली आणि म्हणाला, “ह्यो सूर बंद करा, न्हाईतर माजं काम ह्यालाच द्या.” कुत्री होतीच. अशा थाटात देव चढाच्या पायथ्याशी आले.

आबा पुढे झाले. सत्तरी ओलांडलेला, ताठ माणूस. डोक्याला जरीकाठी गुलाबी फेटा, पाठीवर सोडलेला त्याचा शेमला कमरेपर्यंत. हातात कुंकवाचा करंडा. बॉनेटच्या पुढच्या भागात आता ब्लोअर होता, तेव्हा टिळे लावायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पडला. ते वाकून जागा शोधू लागले.

मेव्हणा म्हणाला, “दाजी, आबा टिळा लावत्यात. गाडी बंद करतो.”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “उलट थोडी रेस दे. चढाला लागताना दाब कमी पडायला नको.”

“दाजी, त्येंचा शेमला...”

“रेस दे.”

त्याने दिली. जावई सांगतोय म्हटल्यावर तो दुसरं काय करणार?

पाठीवरचा शेमला खांद्यावरून पुढे घसरला आणि त्याचं टोक पट्ट्याला लागलं. पुढचं सगळं एका श्वासात झालं. फेटा आबांच्या डोक्यावरून वरच्यावर उडाला आणि हवेतच उलगडू लागला. मला वाटायचं फेटा म्हणजे टोपीसारखी एक वस्तू. तो किती लांब असतो हे मी त्या दिवशी पाहिलं. गुलाबी कापड येतच होतं, ब्लोअर गिळतच होता, आणि आबा हातात करंडा घेऊन, डोकं मागे करून, आपलाच फेटा जाताना बघत होते. त्यांना ओरखडाही आला नाही, याबद्दल मी रोज नाथाला हात जोडतो. मग एक कचका बसला. सूर बंद. इंजिन बंद. कुत्रीसुद्धा गप्प.

बोडक्या डोक्याने आबा सगळ्या गावापुढे उभे होते. त्या गावात माणूस मेलं तरच कोणी असा उभा राहतो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मामा कुठे आहेत हे मी शोधलं, तर ते आबांकडे नाही, रथाच्या चाकाकडे बघत होते. टिळ्यासाठी थांबलेलं चाक थांबलेलंच होतं.

नियमाप्रमाणे आबांचा ट्रॅक्टर आला. पण पिकअप आणि रथ यांना जोडणारी खीळ रथाच्या वजनाने वाकून बसली होती आणि काही केल्या निघेना. तेव्हा पंचांनी उभ्या उभ्या ठरवलं की आहे तसंच ओढावं. सगळ्यात पुढे बोडके आबा, मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला साखळीने बांधलेली आमची पिकअप, तिच्या बॉनेटमधून हातभर गुलाबी कापड बाहेर लोंबतंय, आत मी आणि मेव्हणा, आणि मागे देव. बंद पडलेल्या गाड्या ओढणारी गाडी स्वतः ओढून नेली जात होती. लोकांनी सवयीने ‘नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं’ म्हटलं आणि आमच्यावरही गुलाल पडला. मेव्हणा सरळ समोर बघत सुकाणू धरून होता. मी फाइल उघडली आणि पुन्हा मिटली.

वर पोचल्यावर कोणीतरी आबांना आपला फेटा काढून दिला. त्यांनी तो घेतला नाही. “माजा गाडीत हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. सगळे सतरंजीवर, मला एकट्याला खुर्ची. चहा आधी मला. पंचांपैकी एकाने विचारलं, “पट्टा असा उघडा ठिवायचं कुनाच्या डोस्क्यातनं निघालं?”

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराशी बसलेल्या मिस्त्रीनेही नाही. मामा म्हणाले, “माज्या.”

“तुज्या?” पंच म्हणाले. “तुला पाना कंच्या हातात धरायचा कळत न्हाई.”

“माज्याच,” मामा म्हणाले.

सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोणी माझ्याकडे बघत नव्हतं; पाव्हण्याला लाज वाटू नये म्हणून त्या साठ-सत्तर माणसांनी आपल्या माना फिरवून ठेवल्या होत्या. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी कपातला चहा संपवला. मान आबांच्या घराकडे गेला. मामांनी मान खाली घालून ‘बरं’ म्हटलं, आणि ते आमच्या पेठेतल्या ‘बरं’सारखं नव्हतं.

घरी येताना बायको रिक्षात एकच वाक्य बोलली, “पाटी कुणाच्या अक्षरातली आहे हो, तुमच्या कार्यशाळेत?”

त्यानंतरची दोन वर्षं काही घडलं नाही, आणि तीच मला जड गेली. मिस्त्रीने कातरून, ओढून फेटा बाहेर काढला. तो तेलाने काळा झाला होता आणि हातभर फाटला होता. मामींनी सात वेळा धुऊन ट्रंकेत ठेवला. तो तसा परत द्यायचा कसा? आणि नवा घेऊन दिला, तर चूक आपली असं होतं. मग कोणाची, हा प्रश्न पुन्हा निघणार, आणि उत्तर जावयापर्यंत येणार. म्हणून मामांनी काहीच दिलं नाही. आबांनी दुसरा फेटा बांधला नाही. लग्नात, बारशात, ग्रामसभेत ते बोडक्याने जाऊन बसत. कोणी विचारलं की म्हणत, “ज्येनं घेतला त्यो आनून दील.” त्यांना राग होता असं कोणी सांगितलं नाही. ते नुसते थांबले होते. मी सासरी गेलो की कुठे ना कुठे ते डोकं दिसायचं, उन्हात चकाकणारं, आणि मी बाजूच्या दुकानात मला नको असलेली काहीतरी वस्तू घ्यायला शिरायचो. माझ्याकडे त्या काळातल्या अकरा साबणाच्या वड्या अजून आहेत.

ब्लोअर सोसायटीने परत नेला, कारण त्यांचा नवा बिघडला. तिथे तो अजून सुरळीत चालतो. त्याच्यात दोष नव्हताच.

मग पुन्हा अधिक महिना आला.

मी बायकोला म्हणालो, या वेळी जायला नको. ती म्हणाली, “नका जाऊ. वडिलांना सांगते, जावई साबण घ्यायला गेलेत.”

गेलो. पाट, रांगोळी, परात, सगळं होतं. मामांचे केस त्या दोन वर्षांत पांढरे झाले होते. ते तांब्या घेऊन माझ्या पायांशी वाकले. पहिली धार पडली आणि मला दिसलं की ज्या माणसाने माझ्यासाठी पंचांपुढे खोटं सांगितलं, तोच माणूस आता माझा अंगठा चोळतोय. मी पाय ओढून घेतले. पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

“काय झालं, जावईबापू? पानी गरम हाय का?” ते घाबरून म्हणाले. “काय कमी पडलं? काय पायजे ते सांगा.”

“आबांचा फेटा पाहिजे,” मी म्हणालो.

मेव्हण्याने हातातली अनारशांची परडी खाली ठेवली. “दाजी,” तो हळूच म्हणाला, “आता कशावर बसवायचा?”

मामींनी मात्र ट्रंक उघडली. घड्यांच्या आत डाग लपवून त्यांनी तो माझ्या हातात दिला. देऊळ गल्लीच्या पलीकडेच आहे आणि आबा दुपारी तिथेच बसतात. मी अनवाणी, ओल्या पायांनी निघालो. रस्त्यावर माझी पावलं उमटत होती. मागून मामा हातात तांब्या घेऊन, “अहो, एक पाय ऱ्हायलाय धुवायचा,” असं म्हणत येत होते. त्यांच्यामागे घरातले सगळे.

आबा सभामंडपात पंख्याखाली बसले होते, चार म्हाताऱ्यांबरोबर. मला बघून एक जण सवयीने खुर्ची आणायला उठला. मी फरशीवर बसलो. मग पुन्हा उठलो, कारण बसून फेटा बांधता येत नाही. उभा राहूनही मला तो बांधता येत नव्हता, पण हे मला तेव्हा आठवलं. तरी मी आबांच्या मागे गेलो आणि सुरुवात केली. पहिला वेढा कानावरून गेला, दुसरा डोळ्यांवरून. कोणी हसलं नाही. फाटलेला भाग मी आत दडवू पाहत होतो, आणि तो नेमका कपाळावर येत होता.

आबा हलले नाहीत. फेट्याच्या आतून त्यांनी विचारलं, “पाव्हणं, ह्येला जाळी हाय न्हवं?”

माझे हात थांबले. मामा तांब्या धरून दारात उभे होते, मेव्हणा त्यांच्याशेजारी. मी आबांच्या पुढे आलो, मिस्त्री तिथे नव्हता याचं मला वाईट वाटलं, आणि वर्गात बोलतो तसं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो :

“जाळी होती, आबा. मिस्त्रीने चांगली केली होती. लोकांना आतलं दिसावं म्हणून मी काढायला लावली. मेव्हणा गाडी बंद करत होता, मी करू दिली नाही. मामांनी या जागी बसून जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते मला माहीत असून मी खुर्चीत बसून चहा प्यालो. तुमचा फेटा मी घेतला, मामांचा मान मी घालवला. माझं चुकलं. मला माफ करा, आबा. मामा, तुम्हीही.”